बायोफीडबॅक, सात महिन्यांनंतर : कुंथण्याची उलटी सवय

बद्धकोष्ठाचा विषय चारचौघांत निघत नाही, म्हणूनच माझी कितीतरी वर्षं चूर्णं आणि रेचकं पालटण्यात गेली. पोट साफ होत नाही म्हणजे आतडी सुस्त, असं मी धरूनच चाललो होतो.

तपासणीत निघालं भलतंच. गुदद्वारात बारीक नळी घालून दाब मोजतात, ती मॅनोमेट्री. मग 50 मिली पाणी भरलेला फुगा आत ठेवून बाहेर ढकलायला सांगतात. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. माझा ढिम्म. मी जोर लावला की तिथला स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळला जात होता. दार लावून घ्यायचं आणि आतून धक्के मारायचे, तसला प्रकार.

यावर उपाय बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू काय करतोय ते पडद्यावर बघत त्याला वळण लावणं. सहा बैठका झाल्या, दोन-दोन आठवड्यांनी, पाऊण तासाच्या. पडद्यावर दोन रेषा दिसतात, पोटाच्या जोराची आणि गुदद्वाराच्या दाबाची. पहिली चढली की दुसरी उतरायला हवी. माझ्या दोन्ही चढायच्या. तिसऱ्या खेपेला सिस्टर म्हणाल्या, "जोर सोडा हो. श्वास पोटात भरा, कंबर रुंद होऊ द्या." रेष खाली आली. मी पडद्याकडे बघतच राहिलो.

यंत्राइतकंच श्रेय मी सिस्टरना देईन. दार बंद, अंगावर चादर, हात लावण्याआधी दर वेळी सांगणं. तरी पहिल्या दिवशीची लाज काही टळली नाही. त्यांनी वही ठेवायला लावली: वेळ, जोर, आणि शौचाच्या ब्रिस्टल तक्त्यातल्या 7 प्रकारांपैकी कोणता (1 म्हणजे कडक खडे, 7 म्हणजे निव्वळ पाणी). वही चाळून त्यांनीच पकडलं की लागल्यावर मी हातातलं काम संपवून मग जातो, आणि तोवर ती भावना विरून जाते. आता जेवणानंतर अर्ध्या तासात बसतो, पायाखाली स्टूल, मोबाईल बाहेर. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. हे उठणंच सगळ्यात जड गेलं.

घरचा सराव कंटाळवाणा आहे. चौथ्या महिन्यात सोडला, तर तीन आठवड्यांत गाडी मूळ पदावर. उजळणीची एक बैठक घ्यावी लागली. रेचकही पूर्ण सुटलेलं नाही, पण रोजचं आठवड्यातून एकदा-दोनदावर आलंय. आणि ज्यांची आतडीच मंद आहेत, पण स्नायूंचा हा घोळ नाही, त्यांना याचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी फुग्याची तपासणी करून घ्या. रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी डॉक्टर, हे सगळं नंतर.

वही अजून चालू आहे. कालची नोंद: प्रकार 4, जोर नाही, तीन मिनिटं.