काजूच्या तेलात आठ महिने: हिरव्या नायट्राईल ग्लोव्हजचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे. आम्ही घरचे दोघं आणि फोडायला बसणाऱ्या नऊ बायका. बी वाफवून गार करायची, पायाच्या मशीनवर कापायची, सुईने गर सोडवायचा. हे काम ज्यांनी केलंय त्यांना हातांचं काय होतं ते सांगायला नको. टरफलाच्या तेलातलं ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल कातडी जाळतं. आधी बोटं काळी पडतात, मग सालपटं निघतात, आणि मग जेवताना आमटीचं तिखटसुद्धा बोटांना सोसवत नाही. हाताला राख किंवा एरंडेल चोळून बसायचं, ही इथली जुनी रीत.

फेब्रुवारीत हंगाम सुरू होताना मी नायट्राईल या कृत्रिम रबराच्या ग्लोव्हजचे चार डझन जोड आणले. लांबी ३३ सेंटिमीटर, जाडी ०.३८ मिलिमीटर, आतून कापसाचं मऊ अस्तर. जोडी साधारण सव्वाशेला पडली. त्याआधी भांडी घासायचे नारिंगी रबरी हातमोजे वापरून पाहिले होते. पण नैसर्गिक रबर तेल पितं. चार दिवसांत बोटं फुगली, चिकट झाली, एकमेकांना डकली. नायट्राईलला तेलाचं तेवढं भय नाही, म्हणून हा खर्च केला.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच तक्रार. आमच्याकडे सगळ्यात जुन्या काकी आहेत, त्या म्हणाल्या, "बी हातात गावना नाय रे बाबू!" चूक माझी होती. पुरवठादाराने सरसकट ९ नंबर पाठवला आणि मी तो मुकाट घेतला. बायकांच्या हाताला ७ नंबर लागतो. निम्मा माल बदलून आणला आणि तक्रार बंद झाली. बोटाच्या टोकाला मोकळी जागा राहिली की तिथेच घडी पडते, आणि ग्लोव्ह तिथेच आधी फाटतो.

टिकण्याचं म्हणाल तर आमच्याकडे डाव्या हाताचा ग्लोव्ह साधारण तीन आठवडे चालतो, उजवा त्याच्या दुप्पट. बी धरणारा हात डावा, त्यामुळे अंगठा आणि पहिली दोन बोटं सतत तेलात. जुलैपर्यंत माझ्याकडे नुसत्या उजव्या ग्लोव्हजचा ढीग साठला. उलटे करून डाव्या हाताला चालत नाहीत, कारण मग अस्तर बाहेर येतं आणि तेल शोषून घेतं. दोन्ही हातांना चालणारे पातळ ग्लोव्हज मिळतात, पण ते कापणीच्या कामात दिवसभरही टिकले नाहीत.

मला मुख्य सांगायचंय ते पुढचं. वापरात फाटले ते वेगळेच, पण बरेच जोड माझ्याकडे न वापरता वाया गेले. चारपैकी दोन डझन घरात लोखंडी ट्रंकेत ठेवले होते, दोन डझन शेडमधल्या फळीवर. लॉट एकच, पाकिटावरची तारीखही एकच. फळी खिडकीजवळ, खाली कॉम्प्रेसरची मोटर, वर पत्रा. शिवाय मी प्रत्येक जोड मधोमध दुमडून रबरबँड लावून ठेवलेला. जुलैत पहिला जोड काढला, तर घडीच्या रेषेवर बारीक आडव्या भेगा. बोटाने ताणल्यावर त्या उघडल्या, उन्हाळ्यात खाजणातली माती फुटते तशा. सतरा जोड असे गेले. ट्रंकेत उरलेले मात्र आजही नव्यासारखे आहेत.

कारण नंतर समजलं. ऊन आणि उष्णता रबर म्हातारं करतातच, पण विजेच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन सगळ्यात वाईट, आणि तो ताणलेल्या जागी आधी चावतो. मोटरजवळ ठेवून वर घडी घातली, म्हणजे मी दोन्ही चुका एकदम केल्या. न उघडलेल्या नायट्राईलला बरेच उत्पादक तीन ते पाच वर्षं देतात, पण ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवल्यास. मे महिन्यातली आमची पत्र्याची शेड त्यात बसत नाही.

तारखेचंही पाहा. पाकिटावर कारखान्याचं चिन्ह असतं, त्याजवळ महिना आणि वर्ष. वाळूच्या घड्याळाचं चित्र असेल तर ती वापरण्याची शेवटची मुदत. एका दुकानदाराने मला तारीख खरवडलेलं पाकीट स्वस्तात देऊ केलं होतं. मी घेतलं नाही.

पावसाळ्याची अडचण निराळी. बाहेरून साबणाने धुऊन वाळत टाकले तरी अस्तर ओलंच राहतं आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. म्हणून आता प्रत्येकीला दोन जोड दिलेत, एक दिवसाआड वापरायचे. तोंड खाली करून सावलीत दोरीला टांगायचे, चुलीच्या वर नाही. गरम ट्रे उचलायचे चामडी ग्लोव्हज आम्ही असेच भट्टीशेजारी वाळवले होते, ते पापडासारखे कडक झाले. कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या चामडी जोडावर ऑगस्टमध्ये हिरवा बुरा चढला.

रोज सकाळी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची आणि बादलीत धरायचं. बुडबुडा आला की तो ग्लोव्ह बाद. पण भोक नसलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. तेल न दिसता आरपार झिरपतं. बोटाचं टोक मऊ, फुगीर किंवा काळपट झालं, तर बुडबुड्याची वाट पाहायची नाही.

माझा भाचा शिरोड्याला फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. त्याने यातलाच एक जोड नेला आणि ॲसिटोन या द्रावकात हात घातला. काही मिनिटांत ग्लोव्ह फुगून ढिला झाला, हाताची आग झाली. नायट्राईल तेलाला चांगलं, ॲसिटोनला अजिबात नाही. पाकिटावर प्रयोगशाळेतल्या शंकूच्या आकाराच्या चंबूचं चित्र असतं, त्याखाली इंग्रजी अक्षरं. त्यात 'बी' असेल तरच ॲसिटोनच्या कामाला घ्यायचा. आमच्याकडच्या पाकिटावर 'जे' आणि 'के' होती, 'बी' नव्हती. ते मी त्याला आधी वाचून दाखवायला हवं होतं. काजूच्या तेलाला मात्र कुठलंच अक्षर नाही, तिथे बोटांनी चाचपूनच ठरवावं लागतं.

आता प्रत्येक जोड काढला की मनगटावर मार्करने तारीख लिहितो. डाव्याचे एकवीस दिवस झाले की तो धडधाकट दिसला तरी बदलतो. पुढच्या हंगामासाठी तीन डझनच मागवलेत, सगळे ७ नंबर, आणि माल पाठवण्याआधी पाकिटावरच्या तारखेचा फोटो पाठवा असं सांगितलंय. काकींची बोटं आता गोरी दिसतात. परवा त्यांनी बाजारातून जाताना बांगड्या भरून घेतल्या, बऱ्याच वर्षांनी.