बर्फाने बुजलेला पाइप आणि दहा वर्षांचा करार

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पहिला हिवाळा स्वतःच्या घरात काढणार असाल, तर हे आधी वाचा. जानेवारी २०२२ मध्ये मिल्टनच्या आमच्या घरात एका माणसाने घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या भाडेकरारावर अर्ध्या तासात आमची सही घेतली. त्या सहीपायी पुढच्या दोन वर्षांत आमचे चौदा हजार डॉलरहून जास्त गेले.

आम्ही सोलापूरचे. तिकडे थंडी म्हणजे पहाटेची शाल, आणि नऊ वाजले की ती घडी करून ठेवायची. २०१९ च्या जुलैमध्ये इथे आलो. पहिले दोन हिवाळे मिसिसागाच्या एका टॉवरमध्ये भाड्याने काढले. तिथे ऊब भाड्यातच होती. ती कुठून येते, कशी येते, हे विचारायची वेळच कधी आली नाही. मग २०२१ च्या उन्हाळ्यात २०१३ साली बांधलेलं एक टाउनहाउस घेतलं. बेसमेंटमध्ये एक उंच पत्र्याचं कपाट होतं, तोच फर्नेस. घर दाखवणाऱ्याने सांगितलं, "हा वर्षांचा विचार करता अजून तरुण आहे." आम्ही मान डोलावली.

हिवाळा सुरू झाला आणि घर आम्हाला अनोळखी वाटायला लागलं. सकाळी स्वयंपाकघराच्या काचांवरून पाण्याचे ओघळ यायचे. दाराच्या मुठीला हात लावला की विजेसारखा चटका बसायचा. मोठ्या लेकीचा दोनदा घोळणा फुटला. रात्री खालून घरघर सुरू व्हायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. यातलं काहीही बिघाडाचं लक्षण नव्हतं. बाहेर उणे पंधरा, आत तीन वेळचा स्वयंपाक, कुकरच्या शिट्ट्या आणि घरातच वाळत घातलेले कपडे, म्हणजे थंड काचेवर वाफेचं पाणी होणारच. बाहेरची थंड हवा घरात येऊन तापली की कमालीची कोरडी होते, म्हणून तो चटका आणि म्हणूनच तो घोळणा. आणि फर्नेस तर थांबत-थांबतच चालतो. पण हे सांगणारं आम्हाला कुणी नव्हतं. मनात एक धाकधूक साचत गेली, आणि त्या माणसाला नेमकी तीच सापडली.

सोमवार, १७ जानेवारी. त्या दिवशी टोरोंटो आणि आसपास फूटभराहून जास्त बर्फ पडला, वर वारा. दार उघडलं तर गुडघाभर भिंत. रात्री फर्नेस बंद पडला. थर्मोस्टॅटवर २१ लावलेलं, पहाटे आकडा १४ वर. आठ महिन्यांच्या बाळाला दोघांच्या मध्ये घेऊन गोधडीखाली बसलो. सकाळपासून दुरुस्तीवाल्यांना फोन लावत होतो. जो तो म्हणे, गुरुवारच्या आत कुणी मोकळं नाही.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात अंगावर चमकदार पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, तोंडावर मास्क घातलेला एक माणूस. "गॅसवाल्यांकडून आलोय, या गल्लीतल्या घरांची तपासणी चालू आहे," असं तो इंग्रजीत म्हणाला. माझा चेहरा बघून लगेच हिंदीवर आला. दोन दिवस घरात कोंडल्यासारखे होतो, आणि आपल्या ओळखीच्या भाषेत कुणी धीर देतंय म्हटल्यावर मी त्याला आत घेतलं. देव पावला असंच वाटलं मला.

तो बेसमेंटमध्ये गेला. फर्नेसचं झाकण काढून टॉर्च मारला, फोनवर एक फोटो दाखवला. "हीट एक्स्चेंजरला (म्हणजे जाळाची उष्णता हवेला देणाऱ्या आतल्या भागाला) तडा गेलाय. कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू घरात येतोय." वर येऊन काचेवरच्या पाण्याला बोट लावलं, "हे बघा, गॅसचा पुरावा." लेकीचं नाक मीच त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "भाभीजी, छोटा बच्चा है घर में. मैं तो रेड टॅग लगाने को मजबूर हूँ." रेड टॅग म्हणजे उपकरण धोक्याचं असल्याची चिठ्ठी. ती लागली म्हणजे गॅस बंद, आणि बाहेर कडाक्याची थंडी. मग तो बाहेर जाऊन पाच-सात मिनिटांनी परत आला, खालचं बटण बंद करून चालू केलं, आणि फर्नेस सुरू झाला. "तात्पुरतं केलंय. उद्यापर्यंत चालेल."

गॅसवर चालणाऱ्या फर्नेसची हवा बऱ्याच नव्या घरांत भिंतीतून बाहेर काढलेल्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपांतून आत-बाहेर होते. आमचे जमिनीपासून दीडेक फुटावर होते, बाजूच्या भिंतीला. वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग लागला आणि तोंडं बुजली. हवा कोंडली की आतला एक सुरक्षेचा स्विच जाळ बंद करतो. म्हणजे आमचा फर्नेस बंद पडला कारण तो धड होता. हे मला दीड वर्षाने कळलं. शेजारच्या आजींना मी सगळी हकिकत सांगत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तो माणूस? मी खिडकीतून बघितलं होतं, तो हाताने तुमच्या पाइपांवरचा बर्फ काढत होता. मला वाटलं, किती भला आहे."

सही टॅबलेटवर घेतली. नवा फर्नेस, हवेचा फिल्टर, हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर, सगळं भाड्याने, महिना १८९ डॉलर अधिक कर. इथे बरेच लोक गरम पाण्याची टाकी भाड्यानेच घेतात, आमचीही तशीच होती. म्हणून फर्नेसही भाड्याने हे आम्हाला वावगं वाटलं नाही. नवऱ्याने मुदत विचारली तर म्हणाला, "कधीही बंद करा." करार दहा वर्षांचा होता. गुणाकार केला असता तर कर सोडूनही साडेबावीस हजारांच्या वर आकडा आला असता. तसा फर्नेस तेव्हा पाच हजारांच्या आसपास विकत बसवून मिळत होता. दुसऱ्याच दिवशी दोघे जण आले, नवा बसवला आणि जुना उचलून घेऊन गेले. जुना गेला तसा आमचा पुरावाही गेला. ईमेलवर आलं ते एक पान, अटी त्यात नव्हत्याच.

आम्ही दर महिन्याला पैसे भरत राहिलो. जुलै २०२३ मध्ये कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला निघालो, तेव्हा वकिलांचा फोन आला: तुमच्या घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, बोजा नोंदला आहे. त्या कंपनीने आमच्या नकळत घरावर हक्काची नोटीस टाकली होती. ती काढायला एकवीस हजार डॉलर मागितले. मी त्या रात्री जेवले नाही.

वकिलांनी कायदा समजावला तेव्हा जास्त वाईट वाटलं, कारण कायदा आमच्याच बाजूचा होता. ऑन्टॅरिओत १ मार्च २०१८ पासून न बोलावता दारात येऊन फर्नेस, एसी, पाण्याची टाकी अशा वस्तूंचे करार करायला बंदी आहे. घरी झालेला असा करार दहा दिवसांत कारण न देता मोडता येतो. खोटं सांगून करवून घेतला असेल तर एक वर्षाच्या आत नोटीस देऊन रद्द करता येतो. आमचं दीड वर्ष उलटलं होतं. बँकेची तारीख डोक्यावर होती. घासाघीस होऊन नोव्हेंबरमध्ये साडेनऊ हजारांवर तडजोड केली. पुढे जून २०२४ मध्ये प्रांताने नवा कायदा करून ग्राहकांच्या वस्तूंपोटी घरावर अशा नोटिसा नोंदवायलाच बंदी घातली, जुन्याही संपल्या असं ठरवलं. आमच्यासाठी तो कायदा सात महिने उशिरा आला. पण नोटीस गेली म्हणून भाड्याचा करार आपोआप जात नाही, हे ज्यांच्या घरी असा करार अजून चालू आहे त्यांनी ध्यानात ठेवा आणि वकिलाला किंवा प्रांताच्या ग्राहक संरक्षण खात्याला लवकर विचारा.

एक गोष्ट मला अजून रात्री आठवते. आमच्या बेडरूमबाहेर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म होता. गॅसची उपकरणं असलेल्या घरात तो झोपायच्या खोल्यांजवळ असणं इथे सक्तीचं आहे. तो माणूस विषारी वायूबद्दल बोलत होता तेव्हा तो अलार्म डोक्यावर होता, चालू होता आणि गप्प होता. मी वर बघितलंसुद्धा नाही. तो वाजला तर कुणाचं ऐकत बसू नका, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करा. तडा खरोखर जाऊ शकतो, टॅगही खरा असतो, पण तो लावणाऱ्याकडे प्रांताचा परवाना असतो. त्याचा क्रमांक मागा, लिहून घ्या, आणि गॅसच्या बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. टॅग लावणाराच त्याच बैठकीत नवा फर्नेस विकायला लागला, तर सही करू नका. दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. एक रात्र काढायची झाली तर दुकानातून विजेचा हीटर आणा, नाहीतर ओळखीच्यांकडे जा. आम्ही हाक मारली असती तर मिल्टनमधल्या चार मराठी घरांनी आम्हाला त्या रात्री ठेवून घेतलं असतं.

आता बर्फ पडला की नवरा आधी गाडी काढत नाही, भिंतीकडे जाऊन पाइपांभोवती हातभर जागा मोकळी करतो. लेक आठ वर्षांची आहे, तिलाही ते पाइप कुठे आहेत हे ठाऊक आहे. तुमच्या घराचे कुठे आहेत हे बर्फ पडायच्या आधी, नोव्हेंबरमध्येच, बाहेर फिरून बघून ठेवा. तेवढ्यातच बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसचा फिल्टर ओढून बघा. आमचा काढला तेव्हा तो पांढरा असतो हेही आम्हाला माहीत नव्हतं.