चाचणीचा क्रमांक खरा होता, माणूस खोटा

दादाचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेला. फोल्फॉक्स ही केमो आधीच झाली होती, फोल्फिरी ही दुसरी केमो चालू होती आणि गाठी निदान वाढत तरी नव्हत्या. पण तेवढ्यावर आमचं समाधान होईना. नेमक्या त्याच वेळी ओळखीतून एका माणसाचा नंबर मिळाला. स्वतःला तो ‘ट्रायल समन्वयक’ म्हणवायचा.

एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही कॅन्सरची दोन औषधं एकत्र देऊन एक चाचणी चालू आहे, एकच जागा उरलीय, असं त्याने सांगितलं. चाचणीचा नोंदणी क्रमांकही दिला. एनसीटी आणि पुढे आठ अंक. चाचण्यांची नोंद असलेल्या संकेतस्थळावर मी तो टाकून पाहिला, चाचणी खरोखर होती. तिथेच माझा विश्वास बसला. खालची पात्रतेची माहिती मी वाचली नाही, हे मला आजही सलतं.

आधी नोंदणीचे पैसे घेतले, मग औषध राखून ठेवण्याचे, मग तपासण्यांचे. सगळे एका खासगी खात्यात. त्यानंतर तो म्हणाला, “आधीचं औषध शरीरातून निघून जायला हवं, चार आठवडे केमो बंद ठेवा.” असा काळ खऱ्या चाचण्यांतही असतो, म्हणून शंका आली नाही. डॉक्टरांना न विचारता आम्ही दादाच्या दोन केमो चुकवल्या. वहिनी नको म्हणत होती.

चौथ्या आठवड्यात मीच सगळी कागदपत्रं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं: त्या चाचणीला बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असलेलेच रुग्ण हवे होते आणि भरती कधीच संपली होती. दादाच्या रिपोर्टवर केआरएएस हा वेगळाच जनुकीय बदल स्पष्ट लिहिलेला. अशा गाठीवर सेटुक्सिमॅबचा उपयोगच होत नाही. हा रिपोर्ट त्या माणसाने एकदाही मागितला नव्हता! अशा औषधांच्या खऱ्या चाचणीत तो सुरुवातीलाच पाहतात. चाचणीत घ्यायचं की नाही, हे त्यावरही ठरतं.

त्याने पाठवलेलं संमतिपत्र एका पानाचं होतं. दुष्परिणामांचा उल्लेख नाही, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं नाव नाही, चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं हे वाक्य नाही. चाचणीतल्या नव्या औषधाचे आणि नाव नोंदवण्याचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतच नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. कोणी पैसे मागितले तर पहिला फोन तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना करा, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय चालू औषध एक दिवसही थांबवू नका.

पुढच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या निघाल्या. केमो चालू असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आता दादाला ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्या आणि बेव्हॅसिझुमॅब देतात. ही जोडी ४९२ रुग्णांच्या चाचणीत तपासली गेली. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत नुसत्या गोळ्यांवर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.५ महिने होतं, जोडीने १०.८. दादाने हे आकडे स्वतः विचारून घेतले. मग म्हणाला, “त्या चार आठवड्यांचं वहिनीला पुन्हा बोलू नकोस.”