वावराखाली सोनं निघालं तर: ओपनकास्ट बरी का अंडरग्राउंड?

ताईच्या सासरी, भिवापूरच्या पुढे, वावराला लागून ड्रिलिंगची मशीन येऊन गेली आणि तेव्हापासून जिजाजींचा फोन आला की एकच विषय, खाण आली तर ओपनकास्ट (वरून उघडा खड्डा खणायची) बरी का अंडरग्राउंड (बोगद्याने खालून काढायची), आणि गावाने नेमकं कशासाठी अडून बसायचं. आपल्या नागपूर-भंडारा पट्ट्यात सोन्याचे अंश आहेत हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांच्या नोंदीत कधीचंच आहे, परसोडीचं नाव त्यात येते. पण मशीन आली म्हणजे खाण आली असं नाही. ड्रिलिंग झालेल्या बहुतेक जागी पुढे काहीच होत नाही, आणि झालंच तरी पहिल्या भोकापासून पहिल्या सोन्याच्या विटेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज निघून जातात. म्हणून आधी एक सांगतो, "रेट चांगला आहे, आत्ताच देऊन टाका" म्हणणाऱ्या दलालाला दारातही उभं करू नका.

मी उमरेडच्या बाजूचा, कोळशाची ओपनकास्ट पाहतच मोठा झालो, आणि माझा मामेभाऊ सहा वर्षं कर्नाटकात सोन्याच्या अंडरग्राउंड खाणीत ठेकेदाराकडे मेट (मजुरांचा मुकादम) होता, त्याच्याकडे मी दोनदा राहून आलो. तिथे त्याने कोअर बॉक्स दाखवला होता, ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या पेटीत ओळीने लावलेल्या असतात. एका कांडीत पांढऱ्या गारगोटीची पट्टी होती आणि तिच्यात पिवळे ठिपके चमकत होते, मी म्हटलं हेच का सोनं, तर तो म्हणे नाही रे, ते पायराइट, सोन्यासारखं चमकणारं दुसरंच खनिज, सोनं बहुतेक वेळा डोळ्याला दिसतच नाही. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजते.

कारण सोन्याच्या खाणीचा हिशोब टनाला किती ग्राम असा असतो. ह्यालाच ग्रेड म्हणतात. समजा टनाला 4 ग्राम निघते आणि प्लांटमध्ये त्यातलं 90 टक्के हाती लागते, तर एका 10 ग्रामच्या तोळ्याला पावणेतीन टनाच्या वर दगड दळावा लागतो, म्हणजे ट्रॅक्टरची एक भरलेली ट्रॉली धरा. दीड ग्रामचाच ग्रेड असला तर साडेसात टन. आणि ओपनकास्ट असली तर ह्या साडेसात टनापर्यंत पोचायला वरचा बिनकामाचा दगड चारपट काढावा लागला असं धरा, तो 30 टन वेगळा. तोळा जाईल दुकानात, बाकी सगळं राहील गावात. कंपनीचा माणूस सोन्याबद्दल बोलेल, तुम्ही दगडाबद्दल विचारा.

आता ओपनकास्ट. सोनं वरवर असेल आणि ग्रेड कमी असेल तर कंपनीला तीच परवडते, आंध्रात कर्नूल जिल्ह्यातली जोन्नागिरीची खाण तशीच आहे. काम लवकर सुरू होते, डंपर-पोकलेनवाल्यांना काम मिळते, ठेके निघतात, हे खरंय. पण जमीन जाते ती पूर्ण जाते, खड्ड्याखालची वेगळी आणि ओबीच्या, म्हणजे वरून काढलेल्या बिनकामाच्या दगडमातीच्या डोंगराखालची वेगळी, आणि शेवटी जो खड्डा उरतो तो कोणी बुजवून देत नाही, त्यात पाणी साचते. ब्लास्टिंगचं तर मी घरचंच सांगतो. आमच्याकडे दुपारी सायरन झाला की आई चुलीवरचं खाली उतरवायची, मग धक्का, फळीवरची पितळेची भांडी किणकिण वाजायची, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चौकटीच्या कोपऱ्यातून जी चीर पडली ती दर पावसाळ्यात वाढतच गेली. दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा सांगितलं भिंत जुनी आहे म्हणून. आमच्याकडे ब्लास्टिंगच्या आधीचा एक फोटो नव्हता, काय सिद्ध करणार? खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी धक्क्याची मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाने ठरवून दिलीय, कमी फ्रिक्वेन्सीला सेकंदाला 5 मिलिमीटर, हे मला खूप नंतर समजलं, आणि त्याची रीडिंग मागता येते हेही.

अंडरग्राउंडमध्ये वर जागा कमी लागते, शाफ्ट किंवा उतरता बोगदा, प्लांट, ऑफिस, बस. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण जवळपास एक किलोमीटर खोल गेलीय. ब्लास्टिंग शिफ्ट संपल्यावर खाली होते, वर धूळ फार नाही, डंपरची रांग नाही. दगड कडक असतो आणि काढलेली जागा नीट भरली तर वरची जमीन कोळशासारखी सहजासहजी खचत नाही. मात्र खाली साचणारं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावं लागते, आणि ते पाणी कुठून येते, तर आजूबाजूच्या विहिरींच्याच झऱ्यातून येऊ शकते. ओपनकास्टमध्येही उपसा होतोच, पण अंडरग्राउंडवाला सांगतो "वर काहीच हलत नाही" आणि लोक विहीर विसरतात. आपल्याकडे मिरची आणि धान दोन्ही पाण्यावर, बोडी (छोटं तळं) आटली तर सोन्याचं काय करता?

आणि ज्या गोष्टीवर लोक भांडतच नाहीत ती म्हणजे प्लांट, दोन्ही खाणींत तो सारखाच असतो. दगड फोडायचा, बॉल मिलमध्ये पिठासारखा दळायचा, चुना घालून सायनाइडच्या पाण्यात ढवळायचा, सोनं पाण्यात उतरते, मग ते कोळशाच्या दाण्यांवर पकडायचं, पुन्हा उतरवून विजेवर जमा करायचं आणि भट्टीत वीट ओतायची. चुना ह्यासाठी की पीएच 10 च्या वर राहिला पाहिजे, खाली आला तर सायनाइडचा विषारी वायू सुटतो. उरतो तो गाळ, त्याला टेलिंग म्हणतात, तो बांध घालून साठवतात. अंडरग्राउंडमध्ये त्यातला काही भाग परत खाली भरता येतो, पण दळलेला दगड फुगतो, सगळा मावत नाही, साधारण अर्धा वरच राहतो. ओपनकास्टमध्ये जवळपास सगळाच वर. रोमानियात बाया मारे इथे 30 जानेवारी 2000 ला असाच बांध फुटला, सायनाइडचं पाणी नदीत गेलं आणि पुढे हंगेरीपर्यंत मासे मेले. आणि आपल्या देशातलं पाहायचं तर कोलार. 3 किलोमीटरपेक्षा खोल खाण, 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली, पण गाळाचे डोंगर तिथेच आहेत, 3 कोटी टनांच्या वर, आणि वारा सुटला की ती धूळ वस्तीत येते. ती खाण अंडरग्राउंडच होती. म्हणून नुसतं "अंडरग्राउंड बरी" म्हणून मी मोकळा होत नाही.

जमिनीच्या पैशाचं एक नीट समजून घ्या. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात कोळशाचाच हिशोब बसलाय, दोन एकरामागे एक नोकरी. ती कोल इंडियाची पॉलिसी आहे आणि जमीन 1957 च्या कोळशाच्या कायद्याने जाते. सोन्याला ते लागू नाही. इथे एक तर वरच्या जमिनीचा मोबदला खनिज कायद्यातून, नाहीतर 2013 च्या भूसंपादन कायद्यातून, त्यात खाजगी कंपनीसाठी घ्यायची असेल तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. नोकरी लेखी ठरली तरच नोकरी. जिल्ह्याच्या खनिज फंडाचंही (ज्यात खाणवाले पैसे भरतात) तसंच, सोन्यावर रॉयल्टी 4 टक्के आणि लिलावात दिलेल्या खाणीच्या लीजला फंडात जाते रॉयल्टीच्या 10 टक्के, म्हणजे 100 रुपयांच्या सोन्यामागे 40 पैसे. तेही पूर्ण जिल्ह्यासाठी, एकट्या गावासाठी नाही.

नोकरीत पोरांना एक सांगा, कोळसा खाणीतल्या मुकादमाचं सरदार सर्टिफिकेट घेऊन सोन्यात थेट चालत नाही, तिथे मेट, फोरमन अशी मेटल खाणीची वेगळी परीक्षा असते. अंडरग्राउंडमध्ये शिकलेल्या हाताला काम जास्त वर्षं मिळते, ओपनकास्टमध्ये लवकर मिळते आणि लवकर संपते.

तर जिजाजी, माझं मत विचाराल तर ग्रेड चांगला असेल आणि सोनं खोलवर असेल तर अंडरग्राउंड, ते पण टेलिंगचा बांध नाल्याच्या वरच्या अंगाला नाही, खाली प्लास्टिकचं अस्तर, गाळातलं सायनाइडचं विष निकामी करून मगच तो सोडायचा आणि जमेल तेवढा परत खाली भरायचा, हे जनसुनावणीत मिनिट्समध्ये लिहून घेतलं तरच. ग्रेड दीड ग्रामचा आणि ओपनकास्ट म्हणाले तर मी माझी चार एकर देणार नाही, ताईची पण देऊ देणार नाही. जनसुनावणीत तोंडी कितीही बोला, लेखी हरकतीची पोच घेऊन या.

आणि सुनावणीची वाट पाहत बसू नका. गेल्या रविवारी मी आणि जिजाजी दोरीला दगड बांधून वावरातली विहीर मोजली, काठापासून पाणी 27 फुटांवर लागलं, तारीख टाकून वहीत लिहिलं, काठाच्या दगडावर ऑइलपेंटने खूण केली, घराच्या चारही भिंतींचे फोटो काढले. पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षणच्या लॅबला द्यायचीय, आर्सेनिक आणि सायनाइड दोन्ही तपासायला सांगायचं, कारण सोन्याच्या दगडात आर्सेनिक बरेचदा सोबत असते. शेजारच्या तीन वावरवाल्यांच्या विहिरी पुढच्या रविवारी मोजायच्या ठरल्या आहेत, दोरी जिजाजींकडेच ठेवलीय.