बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट, चार महिने वापरल्यावर

बाबांचा डेस्कटॉप 2014चा, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री आणि 4 जीबी रॅम. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, शिवाय इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे आमचं मशीन बाद. इथे इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे एकच, नवीन घेऊन टाका. अहो पण मशीन चांगलं चालतंय ना!

मग विंडोज काढून तिच्या जागी लिनक्स मिंट 22 ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, त्यातही एक्सएफसीई डेस्कटॉपवालं व्हर्जन, ते हलकं आहे म्हणून. इन्स्टॉल न करता नुसत्या पेनड्राइव्हवरूनही चालवून बघता येतं, ते आधी नक्की करा, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या. आमचा प्रिंटर केबल लावली नि लगेच दिसला.

मला खरी काळजी टायपिंगची होती. बाबा इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटवाले, मंडळाची सगळी पत्रकं तेच टाइप करतात, कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत. इनस्क्रिप्ट सरकारी स्टँडर्ड असल्यामुळे विंडोज असो की लिनक्स, अक्षरं त्याच जागी. त्यांनी बसल्या बसल्या 'दुसऱ्या' लिहून बघितलं, शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, आणि तो र बरोब्बर उमटला तेव्हा म्हणाले, "हं, आता ठीक आहे." मला इतकं बरं वाटलं!

जुन्या फाइलींना मात्र वेळ द्यावा लागतो. वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं ऑफिस सॉफ्टवेअर) उघडतात, पण मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, तो मिंटबरोबर येत नाही, दुसरा फॉन्ट बसतो आणि एका पानाचं पत्रक दुसऱ्या पानावर सांडतं. मी सगळीकडे नोटो सान्स देवनागरी करून टाकला, फुकट आहे, विंडोजवरही चालतो.

अपडेट आलं की खाली कोपऱ्यात ढाल दिसते, सवडीने करायचं.

दादा म्हणाला माझ्या दुकानातही टाकून दे, त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. त्याचं सगळं टॅलीवर, आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, उगाच जुगाड करून हिशोबाशी खेळू नका, तिथे विंडोजच बरं.

मिंट 22ला एप्रिल 2029पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हे मशीन पंधरा वर्षांचं होईल. पुढच्या महिन्यात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालतेय, रॅमही 8 करून घेईन.