पोर्तुगालमध्ये लिस्बन-पोर्तो सोडून: ताविरा की वियाना दो कास्तेलो?

समुद्रात मनसोक्त डुंबायचं असेल तर ताविराच. दक्षिणेला आल्गार्व्हमध्ये, फारोहून लोकल ट्रेनने तासाभराच्या आत पोचता, पण बीच गावात नाहीये, समोरच्या बेटावर आहे, त्यामुळे बोटीने जावं लागतं. शेजारच्या बारील बीचवर वाळूत गंजलेल्या नांगरांच्या रांगाच्या रांगा रोवून ठेवल्यात, पूर्वी इथे ट्यूना पकडायचे, तो धंदा बसला आणि नांगर तेवढे उरले, बघून खरंच गलबलतं. खायला ऑक्टोपस.

वियाना उत्तरेला, पोर्तोहून ट्रेनने साधारण दीड तास. पाणी थंडगार आणि वारा भन्नाट, म्हणून पोहण्यापेक्षा काइटसर्फिंगवाले जास्त. पण गाव म्हणून मला हेच जास्त आवडतं. लिमा नदीवर आयफेलच्या कंपनीने बांधलेला 1878 चा लोखंडी पूल, फ्युनिक्युलरने (डोंगरउतारावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर गेलं की सांता लुझियाचं चर्च, आणि धक्क्यावर जिल एआनेश, कॉड मासे पकडणाऱ्या कोळ्यांसाठी 1955 मध्ये इथेच बांधलेलं हॉस्पिटल-जहाज, आतलं ऑपरेशन थिएटर चुकवू नका. ऑगस्टमध्ये इथे मोठी जत्रा असते, बायका सोन्याच्या माळांनी मढून मिरवणुकीत चालतात, तेव्हा जाणार असाल तर रूम खूप आधी बुक करा.