मॅगझिनवरच्या खुणा: दिवाळी ते दसरा वापरून पाहिल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. पिस्तुलाच्या मॅगझिनवर, म्हणजे काडतुसं भरून पिस्तुलात सरकवायच्या डबीवर, दोन वेगवेगळ्या खुणा हव्यात. एक कायमची, म्हणजे त्या मॅगझिनचा नंबर. दुसरी तात्पुरती, म्हणजे आत्ता त्यात कुठली काडतुसं भरली आहेत ते सांगणारी. कायमची खूण मरेस्तोवर निघता कामा नये आणि तात्पुरती सहज निघाली पाहिजे. बाजारात मिळणारं बहुतेक सामान या दोन्ही कामांची सरमिसळ करतं. त्यामुळे पैसे घालवूनही उपयोग होत नाही.

मी कोल्हापुरात 25 मीटर स्पोर्ट पिस्टल खेळते आणि संध्याकाळच्या बॅचला ज्युनिअर मुलींचं साहित्यही बघते. नेमबाज राही सरनोबतने 2018 साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं ते याच प्रकारात. पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आल्यावर आमच्याकडे चौकशीला येणारे पालक आणखी वाढले. स्वप्नीलची 50 मीटर रायफल एकेक काडतूस हाताने भरायची, तिथे मॅगझिनचा प्रश्न येत नाही. आमच्या .22 पिस्तुलात पाच-पाच गोळ्यांची सीरिज मॅगझिनमधूनच जाते. पिस्तुलं मोजकी आणि मुली जास्त, म्हणजे एकाच मॅगझिनला दिवसभरात कितीतरी हात लागतात. स्वतःची दोन मॅगझिनं स्वतःच वापरणाऱ्याला हे सगळं कदाचित जास्तीचं वाटेल. सामायिक साहित्य असेल तर मात्र याला पर्याय नाही असं माझं ठाम मत झालंय.

काडतुसांत फरक काय, असं नवीन पालक नेहमी विचारतात. .22 लाँग रायफलचं स्टँडर्ड वेगाचं काडतूस साधारण सेकंदाला 320-330 मीटरने जातं आणि हाय व्हेलॉसिटीचं 370 च्या पुढे. स्पोर्ट पिस्तुलाच्या स्प्रिंग स्टँडर्ड वेगासाठीच जुळवलेल्या असतात. भलतंच काडतूस घातलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, एक तर अर्धवट मागे येते नाहीतर धाडकन आपटते. त्यातही सरावाचं वेगळं आणि मॅचचं वेगळं. कंपनी एली असो, एसके असो, नाहीतर लापुआ, प्रत्येकाचं स्वस्त आणि महाग काडतूस डब्यातून बाहेर काढून तळहातावर ठेवलं तर पितळ तेच, शिसं तेच आणि बुडावरचा शिक्काही बहुधा तोच. लॉट नंबर, म्हणजे काडतुसांच्या खेपेचा नंबर, असतो तो डब्यावर. डबा टाकला की ओळख गेली. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त 50 मिलिमीटरचं असतं. काडतूस बदललं की गोळ्यांचा गट सरकतो, आणि पोरगी बिचारी आपला ट्रिगर बिघडला म्हणून रडकुंडीला येते.

शिवाय डमी. घरी किंवा रेंजवर ड्राय, म्हणजे खऱ्या गोळीविना ट्रिगरचा सराव, करताना जी खोटी काडतुसं भरतो ती आणि खरी, यांची गल्लत म्हणजे अपघातच. त्यामुळे खुणांचा विचार करताना मी पहिला रंग डमीसाठी राखून ठेवला: निळा. सराव-साहित्याला निळा रंग देण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे. निळ्या खुणेच्या मॅगझिनचा डबा वेगळा, कपाटही वेगळं. ज्या खोलीत ड्राय चालतं तिथे खरं काडतूस नाही, यात तडजोड नाही.

आता वापरून पाहिलेल्या वस्तू.

इन्सुलेशन टेप सगळ्यात आधी, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. लक्ष्मीपुरीत दहा-पंधरा रुपयांत गुंडाळी मिळते आणि रंगही भरपूर. दुकानदाराने देतानाच सांगितलं होतं, "ताई, तेल लागणार आसंल तर ह्यो टिकायचा न्हाई बघा." खरं बोलला. उन्हाळ्यात गोंद पाझरून टेप सरकला आणि कडेला चिकट काळी रेघ उठली. त्या रेघेवर धूळ, मेण आणि जळलेल्या दारूची काजळी बसली. पावसाळ्यात तर आणखी वाईट झालं. जूनमध्ये इथली हवा ओली झाली की लोखंड झाकून ठेवणं म्हणजे गंजाला घर देणं. ऑगस्टमध्ये एका मॅगझिनच्या अंगावरचा पिवळा टेप सोलला, तर खाली टेपच्या रुंदीएवढी तपकिरी पट्टी होती. कडा अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. बाजूचं उघडं लोखंड मात्र तेलाने लख्ख. तेव्हापासून मॅगझिनच्या अंगावर काहीही चिकटवायचं नाही, हा नियम झाला. अंगावरच्या टेपने जाडीही वाढते आणि मॅगझिन मोकळेपणी सुटत नाही. खूण करायची ती फक्त बुडाच्या पट्टीवर, म्हणजे पिस्तुलात बसल्यावरही बाहेर राहणाऱ्या भागावर.

लेबल छापायचं छोटं यंत्र एका पालकांनी आणून दिलं. अक्षरं सुरेख येतात आणि लॅमिनेटेड पट्टी तेलालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. पण लिहिणार काय? सुरुवातीला कुणीतरी उत्साहाने 'मॅच' आणि 'सराव' अशा पट्ट्या छापून लावल्या. पंधरवड्यात 'मॅच' लिहिलेल्या मॅगझिनमध्ये सरावाची काडतुसं दिसायला लागली, कारण सरावाची मॅगझिनं कमी पडली की मुली हाताला येईल ते भरतात. त्यांचा दोष नाही. चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट, कारण खूण दिसली की माणूस आत बघत नाही. यंत्र आता डब्यांवर आणि कपाटावर वापरतो. तिथे ते उत्तम आहे.

नंबरासाठी नेलपॉलिश आणि ऑइल पेंट मार्कर दोन्ही करून पाहिले. बूड आधी स्पिरिटने कोरडं पुसून घेतलं तर दोन्ही टिकतात, न पुसता लावलं तर आठवड्यात पापुद्रा निघतो. नेलपॉलिश बंदुकीच्या तेलाला जुमानत नाही, पण नंबर नीट काढता येत नाही, ठिपकेच बरे. शेवटी आम्ही नंबर विजेच्या कोरणीने कोरले आणि त्या खाचेत पांढरा रंग भरला. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे काम पाच मिनिटांत लेसरवर झालं असतं, पण शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. मॅगझिन पिशवीत घालून बाजारात फिरायचं नाही, कोरणी रेंजवर आणायची. प्लास्टिकच्या बुडावर हात हलका ठेवावा लागतो.

या नंबरांनी जे दिलं ते मला अपेक्षित नव्हतं. दोन-तीन मुलींची सीरिज पाचव्या गोळीला अडकत होती. सगळ्यांनी दोष नव्या लॉटला दिला, आणि तो डबा बाजूला काढायचीही तयारी झाली. मी वहीत तारीख, मॅगझिन नंबर, काडतुसाचा रंग आणि अडथळा असे चार रकाने आखले होते. वही उघडली तर रंग कधी पिवळा (सरावाची काडतुसं) कधी हिरवा (मॅचची), मुली वेगवेगळ्या, पण नंबर प्रत्येक वेळी 7. सातवं मॅगझिन चांगल्या मॅगझिनशेजारी उजेडात धरलं. वरच्या दोन ओठांपैकी, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडांपैकी, डावा किंचित बाहेर फाकला होता. डोळ्याला जेमतेम जाणवत होतं, व्हर्नियरने मात्र लगेच कळलं. फरशीवर पडलं असणार. सातवं निवृत्त केलं आणि अडथळे थांबले. नव्या लॉटच्या महाग काडतुसांवरचा आळ गेला. स्पर्धेत तर हे फार महागात पडलं असतं. नेमबाजाला टाळता आला असता असा बिघाड पंच ग्राह्य धरत नाहीत, आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात.

आता तात्पुरती खूण. ऑनलाइन मिळणारे सिलिकॉनचे रंगीत पट्टे मागवले. दिसायला छान, ओल्या हाताने काढता-घालता येतात. ज्या मॅगझिनचं बूड जाड आहे तिथे हे मी डोळे झाकून सुचवेन. पण पातळ बुडाच्या मॅगझिनवर पट्टा वर सरकतो आणि बूड व अंग यांच्या खाचेत जाऊन बसतो. मग मॅगझिन केसभर कमी आत जातं, खटका लागल्यासारखा वाटतो पण लागत नाही, आणि पहिलीच गोळी चढत नाही. उद्यमनगरातल्या ओ-रिंगांनी, म्हणजे गोल रबरी कड्यांनी, तेच केलं. त्यात नायट्राइलच्या रिंगा तेलाला पक्क्या पण काळ्याच मिळाल्या, लाल सिलिकॉनची तेवढी सापडली. एका रंगात भागत नाही.

पातळ बुडाचा प्रश्न सोडवला तो आमच्याच एका मुलीने. तिने आपल्या पाकिटातलं टिकल्यांचं पान काढलं आणि बुडावर हिरवी टिकली लावली. महाद्वार रोडवर हव्या त्या रंगाची पानं मिळतात, किंमत किरकोळ. टिकलीचा गोंद कातडीसाठी केलेला, म्हणून नखाने उचलली की मागे काही राहत नाही. सरावाचा एक वेळ टिकते आणि तेल लागल्यावर दुसऱ्या दिवशी गळते. मला तेच हवं होतं. मॅगझिन भरून झाल्यावरच टिकली लावायची आणि फक्त बुडाखाली. सुट्या टिकल्या काडतुसांच्या डब्यात ठेवायच्या नाहीत, एखादी मॅगझिनच्या तोंडात गेली तर वेगळीच डोकेदुखी. सराव संपला की मॅगझिन रिकामं आणि टिकली काढलेली. बिनटिकलीचं मॅगझिन म्हणजे अनोळखी मॅगझिन: कुणी काहीही सांगो, रिकामं करायचं, बघायचं, पुन्हा भरायचं.

रंग ठरले ते असे: पिवळा सरावाचा, हिरवा मॅचचा, निळा डमीचा. एका मुलाला पिवळ्या-हिरव्यातला फरक ट्यूबलाइटखाली ओळखू येईना. लाल-हिरव्याचं रंगांधळेपण मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, हे रंग ठरवतानाच ध्यानात ठेवायला हवं. आता मॅचच्या मॅगझिनला दोन टिकल्या, सरावाच्याला एक. अंधारात बोटानेही कळतं. ही सुधारणा मला सगळ्यात मोलाची वाटते.

एक प्रकार वेगळा आहे. कोच कधी कधी पाचात एखादी डमी मिसळून मॅगझिन भरून देतात, मुलीला क्रम सांगत नाहीत. डमीवर नुसतं 'खट' होतं, आणि त्या क्षणी नळी खाली गेली तर पोरगी आवाजाच्या भीतीने हात झटकते हे लख्ख दिसतं. या मॅगझिनला निळी आणि पिवळी दोन्ही लावतो, आणि ते कोचच्याच हातून येतं आणि जातं. इथे एक धोका सांगून ठेवते. खऱ्या काडतुसाचा मिसफायर झाला, म्हणजे ते पेटलंच नाही, तरी 'खट'च ऐकू येतं, आणि उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. डमीच असेल असं धरून कुणी पिस्तूल उघडायला घेऊ नये. नळी टार्गेटकडेच, अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायचं. दोन रंगांची खूण दिसली की मुलींना हे आपोआप आठवतं.

.32 सेंटर फायर या मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाचं फार लिहीत नाही. काडतूस जाड, मॅगझिनही मोठं, .22 च्या खाचेत जातच नाही. तिथे नंबर पुरतो.

मित्रांपैकी काहींकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक आहे. त्यांनी विचारलं, आम्हाला यातलं काय लागू? मॅगझिन नाही, पण रंगाचं तत्त्व त्यांच्याकडे आमच्या आधीपासून आहे. बहुतेक कंपन्या 20 बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात, कारण ते चुकून 12 बोअरच्या नळीत सरकलं तर पुढे जाऊन अडकतं, आणि मागून 12 चं काडतूस घालून झाडलं तर नळी फुटते. घरात दोन्ही बंदुका असतील तर काडतुसांचे पट्टे एकत्र ठेवूच नका.

रेंजवर भरलेली मॅगझिनं टेबलावर मांडतानाही बुडं वर ठेवतो, म्हणजे नंबर आणि टिकली दोन्ही नजरेत. भरलेलं मॅगझिन पिस्तुलाला टेकलं तरी ते शस्त्र 'लोडेड' मानलं जातं, म्हणून 'लोड' हुकूम येईपर्यंत दोन्हींत हातभर अंतर. फोमच्या जाड तुकड्यात खाचा कापून ठोकळा केला आहे, त्यात मॅगझिनं उभी राहतात. फोम तेल पितो, दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो.

खरेदी करणार असाल तर कोरणी एकदाच घ्या आणि चार-पाच जणांत मिळून वापरा. पांढऱ्या ऑइल पेंटची छोटी डबी, स्पिरिट, शंभर पानी वही आणि टिकल्यांची तीन पानं. जाड बुडाची मॅगझिनं असतील तर वरून सिलिकॉनचे पट्टे. टेप घेऊ नका.